पाकिटामागची बारीक अक्षरं

"पळत जा आणि मेडिकलमधून डोकं दुखायची एक गोळी घेऊन ये." महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत मुलाला पहिल्यांदा एकट्याने दुकानात धाडतात ते कोथिंबिरीसाठी, दुधाच्या पिशवीसाठी आणि अशा गोळीसाठी. या एका खेपेत ते मूल बरंच काही शिकतं. औषध मागायला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. नुसतं दुखणं सांगितलं तरी काउंटरमागचा माणूस गोळी काढून देतो. पाकीट अख्खं घ्यावं लागत नाही, कात्रीने कापून एक-दोन गोळ्याही मिळतात. पुढे चौदा-पंधराव्या वर्षी तेच मूल स्वतःच्या पोटदुखीसाठी, मुरुमांसाठी किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री झोप यावी म्हणून त्याच काउंटरवर उभं राहतं, तेव्हा आपण दचकतो. खरं तर आपणच घालून दिलेली वाट ते चालत असतं.

मनाने औषध घेणं हा सरसकट गुन्हा नव्हे. साध्या डोकेदुखीवर पॅरासिटामॉलची एक गोळी घ्यायला कुणी डॉक्टरांची फी भरणार नाही. ज्या गावात दवाखाना दहा-पंधरा किलोमीटरवर आहे आणि तिथे जायचं तर दिवसाचा रोज बुडतो, तिथे मेडिकल हाच पहिला दवाखाना असतो. प्रश्न वेगळाच आहे. मुलांना आपण औषध आणायला शिकवलं, औषध ओळखायला शिकवलं नाही. गोळीचा रंग, आकार आणि 'ती आईला लागू पडते' एवढीच तिची ओळख. गोळीत काय आहे, ती किती घ्यायची, कुणी घ्यायची नाही आणि कधी थांबायचं, हे पाकिटामागच्या बारीक अक्षरांत असतं किंवा डॉक्टरांच्या तोंडी. दोन्ही मुलांपर्यंत पोचत नाही.

वजन तीस किलो, गोळी साडेसहाशेची

सातवीच्या कुठल्याही वर्गात एक मुलगा ३० किलोचा असतो आणि त्याच्याच बाकावरचा दुसरा ५८ किलोचा. दोघांना ताप आला की घरी मात्र एकच गोळी मिळते, कारण डब्यात तीच असते. मुलांचं पॅरासिटामॉल वजनावर ठरतं : एका वेळी दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे ३० किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त ४५० मिलिग्रॅम. आपल्याकडे सर्वांत खपणारी गोळी ६५० मिलिग्रॅमची. एकदा घेतली म्हणून आभाळ कोसळत नाही. पण 'ताप उतरला नाही, आणखी एक दे' असं करत दिवसाला चार गोळ्या झाल्या, तर त्या मुलाच्या पोटात २६०० मिलिग्रॅम औषध जातं. त्याच्या वजनाला दिवसभरात १८०० च्या आसपास थांबायला हवं.

पॅरासिटामॉल हे मुळात सुरक्षित औषध आहे, म्हणूनच त्याचा धाक उरलेला नाही. यकृत त्याचं विघटन करतं तेव्हा त्याचा थोडा भाग एका विषारी घटकात बदलतो. ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्या घटकाला लगेच निकामी करतं. मात्रा बेतात असेल तोवर हे सुरळीत चालतं. मात्रा वाढली, किंवा मुलाने दोन-तीन दिवस धड खाल्लेलं नसलं, की ग्लुटाथायोनचा साठा आटतो आणि तो विषारी घटक यकृताच्या पेशींवर उलटतो. यात फसवा भाग असा की पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, फार तर मळमळ होते. यकृताचं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो आठ तासांच्या आत मिळाला तर सर्वांत चांगला उपयोगी पडतो. म्हणून जास्त गोळ्या गेल्याचा नुसता संशय असला, तरी मूल 'ठीक दिसतंय' म्हणून थांबायचं नाही. थेट रुग्णालय गाठायचं.

बहुतेक वेळा मात्रा वाढते ती न कळत. दहावीतली ४५ किलोची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. पूर्वपरीक्षा तोंडावर आलेली आणि अंगात कणकण. ती ६५० ची तापाची गोळी घेते. नाक गळतंय म्हणून सर्दीची गोळी घेते. अंग ठणकतंय म्हणून वडिलांची कंबरदुखीची गोळीही घेते. तिच्या हिशेबाने तीन तक्रारींवर तीन वेगळी औषधं झाली. पाकिटं उलटून पाहिली तर सर्दीच्या गोळीत बहुधा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. अंगदुखीच्या गोळीत आयबुप्रोफेनच्या जोडीला आणखी ३२५ मिलिग्रॅम. बेरीज १४७५ मिलिग्रॅम, आणि तिला एका वेळी चालतं जेमतेम ६७५. नावं तीन, पण औषध तेच. पाकिटावरचं मोठं रंगीत नाव कंपनीने ठेवलेलं असतं. पोटात जातं ते त्याखाली बारीक अक्षरांत छापलेलं नाव.

मोठ्यांना चालतं ते मुलांना चालेलच असं नाही, हे जगाने अ‍ॅस्पिरिनवरून शिकून घेतलं. डग्लस राय या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९६३ साली मुलांमधल्या एका विचित्र आजाराचं वर्णन केलं. फ्लू किंवा कांजिण्यांतून बरं होत असलेलं मूल अचानक उलट्या करू लागतं, बरळतं, बेशुद्ध होतं. मेंदूला सूज येते आणि यकृत निकामी होतं. पुढे लक्षात आलं की यातल्या बहुतेक मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन दिलेलं होतं. १९७९-८० मध्ये अमेरिकेत अशा ५५५ रुग्णांची नोंद झाली. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका, असा इशारा दिल्यावर १९८७ नंतर हा आकडा वर्षाला ३६ च्या वर कधी गेला नाही. नवं औषध निघालं म्हणून ही मुलं वाचली नाहीत. घरातलं एक जुनं औषध देणं लोकांनी थांबवलं म्हणून वाचली.

आपल्याकडे पावसाळ्यात याच धड्याची गरज पडते. डेंगीत रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. अशा वेळी अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यामुळे तापाचं कारण कळेपर्यंत 'अंगदुखीची स्ट्राँग गोळी' घरात कुणीच घेऊ नये.

पाळीच्या गोळ्या : एकीकडे भीती, दुसरीकडे घाई

मुलींच्या बाबतीत दोन उलट्या चुका एकाच घरात घडताना दिसतात. पाळीत पोट इतकं दुखतं की मुलगी शाळा बुडवून गुडघे पोटाशी घेऊन पडून राहते. पण 'गोळ्यांची सवय लागते, पुढे मूल व्हायला त्रास होतो' म्हणून तिला काही देत नाहीत. या भीतीला आधार नाही. पाळीत गर्भाशयाच्या आतल्या थरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात, त्यांनी गर्भाशय आवळतं आणि कळा येतात. मेफेनामिक अ‍ॅसिड किंवा आयबुप्रोफेन ही द्रव्यं तयार होणंच कमी करतात. म्हणून दुखणं असह्य होईपर्यंत वाट बघण्यापेक्षा सुरुवातीलाच, पोटात काहीतरी घालून गोळी घेतली तर उपयोग जास्त होतो. महिन्याकाठी दोन-तीन दिवस, डॉक्टरांनी एकदा ठरवून दिलेल्या मात्रेत ती घ्यायला हरकत नसते.

अर्थात याच गोळीचीही दुसरी बाजू आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मेफेनामिक अ‍ॅसिडबद्दल इशारा दिला. क्वचित कुणाला या औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी होते : अंगावर पुरळ, ताप, सुजलेल्या गाठी आणि आतल्या अवयवांना इजा. औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांनीही हे होऊ शकतं. म्हणून गोळी घेतल्यानंतर पुरळ आणि ताप एकत्र आले तर गोळी बंद करून डॉक्टरांकडे जायचं. दमा किंवा अल्सर असलेल्या मुलीने ती विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही. आणि महिन्यागणिक दुखणं वाढत असेल, गोळीनेही थांबत नसेल, तर मागे एन्डोमेट्रिओसिससारखं कारण असू शकतं. ते शोधायला हवं. नुसती गोळी वाढवून भागत नाही.

दुसरी चूक घाईची. गौरी-गणपती, घरातलं लग्न, सत्यनारायण, सहल, क्रीडा स्पर्धा, असं काहीही निघालं की पाळी पुढे ढकलायची गोळी आणली जाते. ती आणून देणारी बहुधा आई किंवा मावशीच असते. ही गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, हे एक हार्मोन. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या काही दिवस आधीपासून ते रोज घेतलं की गर्भाशयाचं अस्तर टिकून राहतं. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पाळी येऊन वर्ष-दोन वर्षंच झालेल्या मुलीचं चक्र मुळात अजून बसलेलं नसतं. त्यामुळे अपेक्षित तारीख कुठली हेच ठाऊक नसतं. मग गोळी उशिरा सुरू होते, मध्येच डाग दिसतात, घाबरून मात्रा वाढवली जाते. डोकेदुखी, मळमळ, छाती भरून येणं हे त्रास नेहमीचे. या औषधाचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. म्हणून जिला अर्धशिशी आहे, यकृताचा आजार आहे किंवा जिच्या घरात कमी वयात रक्ताच्या गुठळ्या झाल्याचा इतिहास आहे, तिच्यासाठी ही गोळी धोक्याची ठरू शकते. हे तीन प्रश्न काउंटरवर कुणी विचारत नाही. खरं तर देवघरात पाऊल टाकण्यासाठी चौदा वर्षांच्या मुलीने हार्मोन घ्यावं का, हा प्रश्न डॉक्टरांचा नाहीच. तो घरातल्या मोठ्यांनी स्वतःला विचारायचा आहे.

आठ दिवसांत गोरं करणारी ट्यूब

मुरूम, काळे डाग, नायटा यांवर मुलं ट्यूब वापरतात आणि ट्यूबला कुणी औषध समजतच नाही. मैत्रिणीने सांगितलं, ब्युटी पार्लरमध्ये मिळालं, रीलमध्ये पाहिलं, एवढ्यावर ती चेहऱ्याला लागते. यातल्या पुष्कळ ट्यूबांमध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि लाली जाते. म्हणून पहिल्या आठवड्यात चेहरा खरोखरच उजळल्यासारखा दिसतो. मूल खूश, मैत्रिणीही खूश.

दीड-दोन महिन्यांत त्वचा पातळ होते. उन्हात गेलं की आग होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरूम आणखी उसळतात, मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते. घाबरून ट्यूब बंद केली तर लाली आणि जळजळ दुप्पट होऊन परत येते. पुन्हा लावली की बरं वाटतं. मग ट्यूब सुटत नाही. त्वचारोगतज्ज्ञ याला स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा असंच म्हणतात. त्यातून बाहेर यायला काही महिने लागतात.

नायट्याचं प्रकरण याहून चिवट. नायटा ही बुरशी. बाजारातल्या 'सगळ्यावर चालणाऱ्या' ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइडने खाज तासाभरात थांबते, पण त्वचेची स्थानिक प्रतिकारशक्तीही दबते. मग बुरशी निवांत पसरते. जांघेत आणि काखेत स्टेरॉइड लावत राहिल्याने पडलेले पांढरट वण आयुष्यभर जात नाहीत. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा नायटा आज देशभर पसरला आहे. त्यातल्या बुरशीच्या एका प्रकाराला २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी नाव दिलं तेच मुळी 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी', भारताच्या नावावरून. सरकारने २०१८ मध्ये अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कायदा झाला, पण ट्यूब अजूनही नुसतं नाव सांगितलं की मिळते.

घसा दुखला की अँटिबायोटिक

लॉकडाउननंतर अ‍ॅझिथ्रोमायसिन हे नाव शाळकरी मुलांनाही पाठ झालं. घसा धरला की तीन गोळ्यांचं पाकीट आणायचं. घसादुखी आणि सर्दी बहुतांश वेळा विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर कुठलंही अँटिबायोटिक चालत नाही. चार-पाच दिवसांनी घसा आपोआप बरा होतो आणि श्रेय गोळीला मिळतं. दुसरीकडे, आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंना त्या औषधाची ओळख होते. त्यातले चिवट जंतू टिकतात आणि आपली चिवटाई इतर जंतूंनाही देतात.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल स्वीकारतानाच्या भाषणात हाच धोका सांगितला होता : हे औषध दुकानात कुणालाही मिळू लागलं आणि लोकांनी ते अपुऱ्या मात्रेत घेतलं, तर जंतू त्याला जुमानेनासे होतील. शेजारच्या पाकिस्तानात, सिंध प्रांतात २०१६ पासून असा विषमज्वर पसरला की त्यावर पोटात घ्यायच्या औषधांपैकी जवळजवळ एकट्या अ‍ॅझिथ्रोमायसिनचाच भरवसा उरला. साध्या घसादुखीवर आपण उधळतो ते हेच औषध.

अभ्यास, जिम आणि 'अंगावर मांस'

या वयात आजार नसतानाही औषधं घेतली जातात. नीट-जेईईच्या क्लासेसमुळे रात्रीचे दोन-तीन वाजवणारी मुलं आधी जागं राहण्यासाठी कॅफिनची पेयं पितात आणि मग झोप यावी म्हणून आजीच्या डब्यातली अल्प्राझोलाम घेतात. या गोळीची सवय काही आठवड्यांत लागते, आणि ती घेतल्यानंतर पाठ केलेलं डोक्यात नीट टिकत नाही. म्हणजे ज्यासाठी घेतली तेच बुडतं. हीच गोळी राज्यातल्या काही शहरांत 'कुत्ता गोळी' या नावाने नशेसाठी विकली जाते. तिच्या जोडीला कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या असतात.

जिममध्ये जाणाऱ्या पोरांना मेफेन्टरमाइनचं इंजेक्शन कुणीतरी 'ताकदीचं' म्हणून देतं. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वर आणण्यासाठी शस्त्रक्रियागृहात हे औषध वापरतात. धडधाकट मुलाने टोचून घेतलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. खेळाडूंसाठी ते उत्तेजक द्रव्यांच्या बंदी यादीत आहे. हडकुळ्या मुलामुलींना 'अंगावर मांस चढावं' म्हणून दिल्या जाणाऱ्या पाकीट नसलेल्या सुट्या गोळ्यांत अनेकदा सायप्रोहेप्टाडिन आणि स्टेरॉइड निघतं. भूक वाढते आणि चेहरा गोल होतो, पण ते बाळसं नसून सूज असते. 'आयुर्वेदिक आहे' असं सांगून विकलेल्या बिननावाच्या पुड्यांबाबतही हाच संशय धरावा.

लाल रेघ

औषधांचा आपला मूळ कायदा १९४० चा आणि नियम १९४५ चे. त्यातल्या एच परिशिष्टातली औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मार्च २०१४ पासून त्यात एच-१ ची भर पडली. वरच्या पायरीची अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं, अल्प्राझोलाम, कोडीन अशी ४६ औषधं त्यात आली. ती विकताना दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ असते ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, ही खूण लोकांना कळावी म्हणून केंद्राने २०१६ मध्ये मोहीमही काढली.

पण खूण दिसायला पाकीट हातात यावं लागतं. सुट्या दोन गोळ्या कापून दिल्या की नाव एका तुकड्यावर, मुदतीची तारीख दुसऱ्यावर आणि लाल रेघ दुकानातच राहते. शिवाय छापलेलं बहुतेक सगळं इंग्रजीत, तीळभर आकारात. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाने ते वाचावं ही अपेक्षा धरायची, तर आधी कुणीतरी शेजारी बसून एकदा वाचून दाखवायला हवं. शाळेच्या विज्ञानाच्या तासाला औषधाचं रिकामं पाकीट आणून त्यावरचा घटक, मात्रा, मुदत आणि लाल रेघ शोधायला लावणं हा अर्ध्या तासाचा प्रयोग आहे. खर्च काहीच नाही.

एक विसंगती इथे सांगायलाच हवी. हीच मुलं शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी 'मळमळतं' म्हणून खिशात घालतात आणि घरी जाताना फेकतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असतं. ती जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. राज्यातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे गरजेचं औषध गटारात आणि नको ते पोटात.

तेव्हा घरी एवढं करा. औषधांचा डबा वर ठेवा. आजी-आजोबांच्या झोपेच्या, साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या वेगळ्या ठेवा. उरलेली अँटिबायोटिक्स 'पुढच्या वेळी उपयोगी पडतील' म्हणून साठवू नका. मेडिकलमधून आणताना पाकिटावर नाव आणि तारीख आहे ना हे बघून घ्या, बिल मागा. मुलांना पाच प्रश्न पाठ करून द्या : यात घटक कोणता? माझ्या वजनाला किती? यासोबत मी आणखी काय घेतोय? किती दिवस? कधी थांबून डॉक्टरांकडे जायचं? मुलगा मिसरूड फुटण्याएवढा झाला तरी अठरा वर्षांपर्यंत तो बालरोगतज्ज्ञांकडे जाऊ शकतो, हेही लक्षात असू द्या. घरी बोलता येत नाही असं काही असेल, तर १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक आहेत. तिथे सल्ला फुकट मिळतो आणि बोललेलं बाहेर जात नाही. औषधाने त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कुणीही कळवू शकतं. मनावरचा ताण असह्य झाला तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. आणि चुकून असो वा मुद्दाम, जास्त गोळ्या पोटात गेल्या असतील तर रागावण्यात वेळ न घालवता १०८ लावा आणि उरलेलं पाकीट सोबत न्या. डॉक्टर सगळ्यात आधी तेच मागतील.